ऐतिहासिक स्वाक्षरी विकत घेण्याआधी : नाशिकच्या संग्राहकांसाठी तपासणीची रीत

सावरकर भगूरचे, कुसुमाग्रज नाशिकचे, दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला आणि वारले नाशकात. बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथे केला, धर्मांतराची घोषणा येवल्यात केली. एवढी मोठी माणसं एका जिल्ह्याशी जोडलेली असली की त्यांच्या सह्यांना गिऱ्हाईक असतंच, आणि गिऱ्हाईक असलं की बनावट मालही येतो. जुन्या नाशकातले वाडे पाडताना माळ्यावरच्या ट्रंका रद्दीत जातात आणि त्यातून अधूनमधून खरे, मोलाचे कागद निघतात. पण "वाड्यातल्या ट्रंकेत सापडलं" हे वाक्य खोटा कागद विकणाऱ्यालाही तोंडपाठ असतं.

कागद हातात आला की तो खोटा ठरवायच्या तयारीने बसा. घरच्या घरी सही शंभर टक्के खरी ठरवता येत नाही, खोटी मात्र बऱ्याचदा दहा मिनिटांत ठरते. क्रम असा ठेवा: आधी तारीख आणि मजकूर, मग कागद, मग शाई, आणि अगदी शेवटी सहीचं वळण. बहुतेक जण नेमकं उलट करतात. इंटरनेटवरच्या फोटोशी सही ताडून पाहतात, "जुळतेय" म्हणतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. बनवणाऱ्यानेही तोच फोटो समोर ठेवलेला असतो, त्यामुळे ती जुळणारच.

तारीख आणि मजकूर

पहिला प्रश्न: त्या तारखेला तो माणूस त्या गावी असू शकत होता का? लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. पुण्याहून १९११ साली लिहिलेलं त्यांचं पत्र पुढ्यात आलं तर भिंग काढायचीही गरज नाही. सावरकर १९११ ते १९२१ अंदमानात होते, म्हणजे १९१५ सालचं भगूरचं पत्र बाद. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ ला गेले. त्यांची सही असलेल्या पुस्तकाचं मुद्रणाचं पान उघडा. तिथे २००१ चं पुनर्मुद्रण असेल तर पुढे पाहण्यासारखं काही उरत नाही. पुस्तकाच्या बाबतीत ही तपासणी सगळ्यात आधी करा, कारण जुनी आवृत्ती महाग पडते म्हणून बनवणारा हाताला लागेल ती प्रत वापरतो. कविता 'कुसुमाग्रज' या नावाने आणि नाटकं-कादंबऱ्या 'वि. वा. शिरवाडकर' या नावाने, हेही ध्यानात असू द्या. नाव आणि पुस्तक जुळत नसेल तर तेवढ्यावर सही बाद होत नाही, पण प्रश्न विचारायला जागा मिळते.

दुसरं, छापील भाग. लेटरहेडवर पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'महाराष्ट्र राज्य' असेल तर १ मे १९६० नंतरचा. पोस्टकार्डावर किंवा तिकिटावर 'नये पैसे' असेल तर एप्रिल १९५७ नंतरचा, त्याआधी आणे आणि पै. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये वारला. त्याचं चित्र असलेली कार्डं नंतरही काही काळ वापरात राहिली असतील, पण १९३० ची तारीख घातलेल्या कार्डावर अशोकस्तंभ दिसला तर विषय संपला. पोस्टाचा शिक्का तिकीट आणि कार्ड या दोन्हींवर सलग उमटलेला हवा. तिकिटाच्या कडेला शिक्का तुटत असेल तर तिकीट नंतर डकवलेलं आहे.

जुनं लेटरहेड खिळ्यांच्या छपाईचं असतं. कागद उलटा करून छपाईच्या मागून बोट फिरवा, खिळे दाबल्याचा उठाव बऱ्याचदा जाणवतो. लेझर प्रिंटरची अक्षरं कागदावर सपाट बसतात आणि भिंगातून काळ्या प्लास्टिकच्या बारीक कणांसारखी चकाकतात.

तिसरं, शुद्धलेखन. हा मराठी संग्राहकाच्या हातातला फार चांगला आणि फुकटचा पुरावा आहे. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीची शिकलेली माणसं नाहीं, तेथें, केलें, घरीं असं लिहायची. घाईत एखाद-दुसरा टिंब राहून जातो, त्याचं काही नाही. पण १९२० सालचं पानभर पत्र सुरुवातीपासून शेवटापर्यंत आजच्या नियमांनी लिहिलेलं असेल, तर लिहिणारा आजच्या शाळेत शिकलेला आहे. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. जुन्या पिढीतल्या कित्येकांनी १९६२ नंतरही अनुस्वार सोडले नाहीत. त्या काळच्या लेखनाची नजर बसवायची असेल तर १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं चाळा. छापील असली तरी भाषेचा कान तयार होतो.

शिवकाळातली किंवा पेशवाईतली 'सही' कोणी दाखवली तर विशेष सावध राहा. त्या काळचं पत्र बहुतेक करून कारकून लिहायचा आणि पत्राचा खरेपणा शिक्क्यावरून ठरायचा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं असलेला शिक्का असतो. आजच्यासारखी नावाची सुटसुटीत सही खाली मारलेला शिवकालीन कागद घेऊ नका. मोडी कागदात आणखी एक खूण पाहायची: मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढायचा आणि तिला अक्षरं टांगत जायचा. जिथे प्रत्येक शब्दाची शिरोरेघ अक्षरं लिहून झाल्यावर वेगळी मारलेली दिसते, तिथे हात आजचा आहे.

कागद

यासाठी तीन साधनं पुरतात: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक साधा टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. मोबाइलला किंवा संगणकाला जोडायचा छोटा डिजिटल मायक्रोस्कोप असेल तर उत्तमच.

अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत वापरा. शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा. तो निळसर पांढरा लखलखेल, कारण त्यात उजळपणा आणणारं रसायन असतं. अशी रसायनं साधारण १९५० च्या आसपास कागदात यायला लागली. त्यामुळे १९३० सालचा म्हणून दाखवलेला कागद तसाच चमकत असेल तर तो बाद. चमकत नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बनवणाऱ्यालाही जुना कोरा कागद मिळतो. जुन्या पुस्तकांची पुढची-मागची कोरी पानं, वहीखात्यांची न वापरलेली पानं यासाठीच फाडली जातात. एका बाजूला शिवणीची भोकं किंवा फाटलेली कड, आणि पत्राच्या मानाने विचित्र आकार दिसला की हे आठवा. टॉर्च डोळ्यांवर मारू नका, आणि कागदही त्या प्रकाशाखाली काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका.

कागद 'जुना' करण्यासाठी चहाचं पाणी सर्रास वापरतात. खरा कागद कडांकडून आत तपकिरी होत जातो आणि घडीच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा उजळ राहतो. चहात बुडवलेला कागद दोन्ही बाजूंनी, घडीच्या आतसुद्धा, सारखाच पिवळट असतो.

आता घडी पाहा. सही घडीवरून गेली असेल तर तो भाग भिंगाखाली धरा. सही आधी आणि घडी नंतर असेल तर घडीवर शाई झिजून तुटलेली दिसते. घडी आधीची असेल तर तिथले तंतू उघडे पडलेले असतात. पेन तिथून गेलं की शाई त्यांत शिरून दोन्ही बाजूंना पसरते. पत्र १९३५ चं, घडी झिजून आरपार होत आलेली आणि शाई मात्र त्या झिजलेल्या तंतूंत मुरलेली, असं दिसलं तर सही कालपरवाची आहे.

नाशकात आणखी एक परीक्षा उपयोगी पडते: पुराच्या पाण्याचा डाग. २०१६ आणि २०१९ साली गोदावरीचं पाणी सराफ बाजारापर्यंत शिरलं होतं, आणि काठावरच्या घरांतून येणाऱ्या कागदांवर पाण्याची तपकिरी कड बऱ्याचदा दिसते. विकणारा ती जुनेपणाची खूण म्हणून दाखवतो. ती कड सहीवरून जात असेल तर नीट निरखा. फाउंटन पेनची साधी निळी शाई पाण्यात विरघळते, वाहते आणि डागाच्या कडेशी तिची निळसर रेघ साचते. डाग सहीवरून गेलाय आणि सही मात्र जराही न हलता ठसठशीत बसलीय, तर ती डाग वाळल्यावर केलेली आहे. ही परीक्षा सगळ्या शायांना लागू नाही. बॉलपेनची शाई पाण्याला बरीच टिकते. हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि मायफळ यांपासून केलेली शाईही फारशी हलत नाही. म्हणून आधी शाई कोणती ते ठरवा.

शाई

बोरूने लिहिलेल्या जुन्या मोडी कागदांवरची शाई बहुतेक काजळाची. ती दोन-अडीचशे वर्षांनीही काळीच राहते. त्यामुळे पेशवाईतला बोरूचा मजकूर सिनेमातल्यासारखा सुंदर तपकिरी दिसत असेल तर संशय घ्या. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत हिराकस-मायफळाची शाई आली. ती लिहिताना फिकी असते, हवेने काळी पडते आणि कित्येक वर्षांनी तपकिरी होते. पण हा तपकिरीपणा एकसारखा नसतो: दाब पडलेल्या जाड रेघा गडद, बारीक रेघा फिक्या, आणि कागदाच्या मागे रेघांची तपकिरी सावली उमटलेली. पहिल्यापासूनच तपकिरी शाई वापरलेली सही एकाच छटेची, निर्जीव दिसते.

बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ पासून, सर्वसामान्य बाजारात आलं. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला वारले. त्यांची बॉलपेनची सही कितीही हुबेहूब असो, ती त्यांची नाही. बाबासाहेब १९५६ पर्यंत आणि सावरकर १९६६ पर्यंत हयात होते, तिथे केवळ बॉलपेन आहे म्हणून सही बाद करता येत नाही. फायबरच्या टोकाचं स्केचपेनसारखं पेन १९६० च्या दशकातलं, जेल पेन १९८० च्या दशकातलं.

भिंगाखाली प्रत्येक पेनची चाल वेगळी दिसते. फाउंटन पेनची निब दाबली की रेघेच्या दोन्ही कडा गडद होतात. बॉलपेन कागदात चर पाडतं, वळणावर शाईचा बारीक गोळा सोडतं आणि रेघेच्या आत पांढऱ्या चिरा ठेवतं. रबरी शिक्क्याची सही कडांना गडद आणि मध्ये फिकट असते, चर मुळीच नसतो. इंकजेटची सही म्हणजे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. सही केलेल्या फोटोवर टॉर्च अगदी आडवा धरा. खरी शाई फोटोच्या चकाकीवर वेगळी बसलेली दिसते. फोटोबरोबरच छापली गेलेली सही त्या चकाकीच्या आत असते. मोठ्या पुढाऱ्यांच्या आभारपत्रांवर सही छापलेली, शिक्क्याची किंवा चिटणिसाने केलेली असू शकते. ही फसवणूक नव्हे, कामाची पद्धत होती, पण त्यासाठी मूळ सहीचा भाव देऊ नका.

शाई जुन्या कागदावर नव्याने घातली की बऱ्याचदा फुटते, कारण कागदावरची खळ (शाई पसरू न देणारा लेप) वर्षानुवर्षांनी उतरलेली असते. रेघेच्या दोन्ही बाजूंना मुंग्यांच्या पायांसारखे फाटे दिसतात. त्याच पानावरचा बाकीचा जुना मजकूर न फुटलेला आणि फक्त सही फुटलेली असेल तर निकाल लागला.

वळण

इथवर कागद टिकला तरच सही ताडायला घ्या. त्याच माणसाच्या, त्याच लिपीतल्या आणि शक्यतो त्याच पाच-सात वर्षांतल्या किमान दहा-पंधरा निर्विवाद सह्या जमवा. निर्विवाद म्हणजे संस्थेच्या दप्तरात पहिल्यापासून असलेल्या किंवा त्या काळीच छापून आलेल्या. लिलावाच्या कॅटलॉगमधल्या नव्हेत. १९८३ साली जर्मनीत हिटलरच्या रोजनिशा म्हणून जे बाड विकलं गेलं, त्याचं अक्षर तज्ज्ञांनी आधी खरं ठरवलं होतं, कारण तुलनेला दिलेल्या नमुन्यांतले काही त्याच बनावटखोराने, कोनराड कुजाउने, लिहिलेले होते. शेवटी भांडं फुटलं ते कागदातल्या उजळपणाच्या रसायनाने आणि बांधणीच्या धाग्यातल्या पॉलिस्टरने. तारीख आणि कागद आधी घ्या असं वर म्हटलं, ते यामुळेच.

सही ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि नमुन्यांवर संगणकात ठेवून पाहा. कोणाच्याही दोन सह्या तंतोतंत सारख्या येत नाहीत. तुमची सही एखाद्या प्रसिद्ध नमुन्यावर केसाइतकाही फरक न पडता बसली, तर ती काचेखाली दिवा ठेवून गिरवलेली आहे.

मग वेग पाहा. आपली सही करणारा माणूस विचार करत नाही. पेन टेकायच्या आधीच हात हलत असतो, म्हणून सुरुवात आणि शेवट निमुळते येतात. नक्कल करणारा चित्र काढतो: टोकं बोथट, दाब सगळीकडे सारखा, वळणावर थांबा आणि नको तिथे पेन उचलून पुन्हा जोडलेली रेघ. वार्धक्यातला कंप वेगळा असतो. तो वेडावाकडा असला तरी रेघ पुढे धावते आणि शेवट मोकळा सुटतो. देवनागरी सहीत शिरोरेघ आधी की नंतर, एका ओढीत की तुकड्यांत, वेलांटी वरून खाली की खालून वर, रफार अक्षराला चिकटतो की सुटा राहतो, हे बारकाईने पाहा. एकूण आकार नक्कल करणाऱ्याला साधतो, या सवयी साधत नाहीत.

मालकी आणि कायदा

सही खरी निघाली तरी कागद घेण्याजोगा असेलच असं नाही. तो विकणाऱ्याकडे आला कसा? पत्र कोणाला लिहिलं, त्या घराण्यातून बाहेर कधी पडलं, पाकीट आहे का, हे लिहून मागा. कोपऱ्यात जांभळ्या शिक्क्याचा पुसट अंश, अतिनील प्रकाशात वेगळा दिसणारा खरवडलेला किंवा ब्लीच केलेला भाग, कापलेला कोपरा या ग्रंथालयातून चोरीला गेलेल्या कागदाच्या खुणा आहेत. जावक क्रमांक, फायलीची भोकं, दफ्तरखान्याचा शिक्का दिसला तर तो सरकारी कागद असू शकतो. १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात ज्याच्यावर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या त्या जॅक्सनच्या सहीचं उदाहरण घ्या. कलेक्टर म्हणून त्याने एखाद्या नागरिकाला पाठवलेलं पत्र त्या घराचं असतं, कचेरीत ठेवलेली प्रत मात्र सरकारची. ती घेतली तर चोरीचा माल बाळगल्याचं प्रकरण अंगावर येऊ शकतं.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल कळकळीने सांगायचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या यात्रेकरूंनी त्यांत स्वतःच्या हाताने नावं, गावं, वंशावळी लिहून सह्या केल्या आहेत. एका नामांकित सहीसाठी पान फाडलं तर त्याच पानावरच्या दहा घराण्यांचा दुवा कायमचा तुटतो. असं सुटं पान कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. उपाध्यायांची परवानगी घेऊन फोटो काढा. पत्रातून सही कात्रीने कापून चिकटवहीत लावण्याची जुनी खोडही तशीच. तिने मजकूर, तारीख, घडी, सगळे पुरावे नष्ट होतात आणि किंमतही पडते.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित वा कागदपत्र ७५ वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या लिलावाला कुरियर करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. धंदा म्हणून पुरावस्तू विकायला परवाना लागतो, तो विक्रेत्याकडे मागा. आणि पत्र विकत घेतलं म्हणजे त्यातला मजकूर छापायचा हक्क मिळाला असं होत नाही. तो लेखकाच्या वारसांकडे राहतो, आणि पत्र लेखकाच्या हयातीत छापलं गेलं नसेल तर त्याची ६० वर्षं पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात.

पैसे देताना

विक्रेत्यानेच दिलेलं खरेपणाचं सर्टिफिकेट त्याच्या शब्दाइतकंच मोलाचं. त्याऐवजी पक्क्या बिलावर 'अमुक व्यक्तीची मूळ हस्तस्वाक्षरी, तारीख अमुक' असं स्पष्ट लिहून घ्या आणि बनावट निघाल्यास पूर्ण रक्कम परत, हेही. 'सही असलेला जुना फोटो' एवढंच लिहिलेलं बिल पुढे उपयोगाला येत नाही. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात किंवा रद्दीच्या दुकानात बिल मिळणार नाही. तिथे कागदाची रद्दी म्हणून जी किंमत असेल तेवढीच द्या, सहीची नको.

मोठी रक्कम असेल तर निवृत्त दस्तऐवज परीक्षकाकडून खाजगी अहवाल घ्या. सरकारी परीक्षकांकडे प्रकरणं कोर्ट-पोलिसांमार्फत जातात. अहवालात किती नमुने वापरले, ते कुठून आणले, कोणत्या उपकरणाने पाहिलं आणि मोठे केलेले फोटो, एवढं असलंच पाहिजे. मूळ कागद न बघता व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवरून दिलेल्या मताचे पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर

लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक यांपैकी काहीही लावू नका. पीव्हीसीच्या वासाच्या फायली शाई ओढून घेतात. पॉलिस्टरचं पाकीट आणि आम्लरहित पुठ्ठा वापरा. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडे, बंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते नियमित वाळवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत राहिली की बुरशी आणि कसर यांना वाव मिळत नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात ठेवू नका, वाळवी आणि ओल तिथूनच येते. भिंतीवर लावायचं असेल तर रंगीत प्रत लावा, कारण निळी शाई उजेडाने उडते.

बनावट निघालेला कागद फाडू नका आणि 'होता तसा' म्हणून पुढेही विकू नका. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने 'बनावट', तारीख आणि कशावरून ओळखलं ते लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. त्याच हाताने केलेला दुसरा कागद बाजारात आला की तुलनेला तोच उपयोगी पडतो.